शोक, अपराधभाव आणि परक्यासाठीचा त्याग: उत्क्रांती याचे स्पष्टीकरण देऊ शकते का?

जिज्ञासू

सजीवांची शरीरे नैसर्गिक निवडीने घडत आली आहेत याविषयी माझ्या मनात शंका नाही. माझा प्रश्न त्या सिद्धांताच्या आवाक्याचा आहे. भीती, भूक, राग, कामेच्छा यांचा जगण्याशी आणि प्रजननाशी असलेला संबंध उघड दिसतो आणि तो मान्य करायला फारसा विचारही करावा लागत नाही. मात्र ज्या भावनांमुळे माणसाचे आयुष्य माणसाचे वाटते, त्यांच्याकडे वळले की हा संबंध तितका उघड राहत नाही.

शोकाचेच पाहा. जिवलग व्यक्ती गेली की माणसाची अन्नावरची वासना उडते, झोप जाते, कशातच लक्ष लागत नाही आणि ही अवस्था कित्येक महिने, कधी कधी वर्षानुवर्षे टिकते. शोक केल्याने गेलेली व्यक्ती परत येत नाही. मागे राहिलेल्याचे आरोग्य मात्र ढासळते. मग नैसर्गिक निवडीने ही वृत्ती केव्हाच पुसून टाकायला नको होती का? दुसरे उदाहरण अपराधभावाचे. ज्या कृत्याचा कोणाला पत्ता लागलेला नाही आणि पुढेही लागण्याची शक्यता नाही, त्यासाठी माणूस आयुष्यभर स्वतःला दोष देत राहतो. तिसरे म्हणजे रक्ताचे नाते नसलेल्या मुलाला पोटच्या मुलासारखे वाढवणे, किंवा बुडणाऱ्या अनोळखी माणसासाठी पाण्यात उडी घेणे.

यावर जी उत्तरे वाचायला मिळतात, त्यांनी माझे समाधान होत नाही. काही लेखक प्रत्येक भावनेमागे एखादा दडलेला फायदा शोधून काढतात आणि आज तो फायदा दिसत नसेल, तर अश्मयुगात असला पाहिजे असे सांगतात. अशा उत्तराला खोटे ठरवण्याचा मार्गच उरत नाही. याउलट काहींच्या मते मानवी मन ही सर्वस्वी संस्कृतीची निर्मिती आहे. पण मेंदू हाही एक अवयवच असताना उत्क्रांतीचे नियम त्याच्याच दाराशी येऊन का थांबावेत, हे मला समजत नाही.

हा पेच जुना आहे याची मला कल्पना आहे. नैसर्गिक निवडीची कल्पना डार्विनच्या बरोबरीने, स्वतंत्रपणे मांडणाऱ्या आल्फ्रेड रसेल वॉलेसनेच १८६९ साली असे लिहिले, की माणसाची उच्च बौद्धिक आणि नैतिक सामर्थ्ये केवळ नैसर्गिक निवडीतून आली असणे शक्य नाही. डार्विनला त्याने फार वाईट वाटले. पुढे डार्विनने १८७१ मध्ये मानवाच्या उत्पत्तीवर आणि १८७२ मध्ये माणसांच्या व प्राण्यांच्या भावाभिव्यक्तीवर ग्रंथ लिहिले. त्यानंतर दीडशे वर्षांत या प्रश्नावर खरोखर किती प्रगती झाली? आणि एखाद्या भावनेचे उत्क्रांतीवर आधारलेले स्पष्टीकरण पुराव्याने सिद्ध झालेले आहे की ती केवळ ऐकायला पटणारी कथा आहे, हे वाचकाने कसे ओळखावे?

रानवाटा

मी प्राण्यांच्या वर्तनाचे शास्त्र शिकवते, त्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देते.

१९६३ साली निको टिनबर्गेन या वर्तनशास्त्रज्ञाने एक मांडणी केली. या विषयावरचे बरेचसे वाद ती लक्षात न घेतल्यामुळे होतात, असे माझे मत आहे. कोणत्याही वर्तनाविषयी चार वेगवेगळे प्रश्न विचारता येतात: ते या क्षणी शरीरातल्या कोणत्या यंत्रणेमुळे घडते, व्यक्तीच्या आयुष्यात ते कसे विकसित होत जाते, प्रजातींच्या वंशवृक्षावर ते केव्हा आणि कशातून उगवले, आणि जगण्याला व प्रजननाला त्याचा काय उपयोग झाला. यांपैकी एका प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणजे दुसऱ्याचे उत्तर मिळाले किंवा तो प्रश्न निरर्थक ठरला, असे होत नाही. "ती मुलावर प्रेम करते कारण तिच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते" आणि "ती मुलावर प्रेम करते कारण प्रेम न करणाऱ्या मातांची मुले जगली नाहीत" ही दोन विधाने एकमेकांची प्रतिस्पर्धी नाहीत. शिवाय यांपैकी कोणत्याही विधानाने तिचे प्रेम खोटे किंवा हिशेबी ठरत नाही, कारण जनुकांचा टिकाव हा तिच्या मनातला हेतू नसतो.

आता शोकाविषयी. आपण विचारलेल्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे, ते म्हणजे प्रत्येक भावना स्वतंत्रपणे उपयोगी असायला हवी. नैसर्गिक निवड असे तुकडे पाडून काम करत नाही. ती संपूर्ण यंत्रणेच्या एकूण जमाखर्चावर चालते. जॉन बोल्बी या मनोविश्लेषकाने आईपासून दुरावलेल्या लहान मुलांचे निरीक्षण करून दाखवले, की मूल आधी आकांत करते, शोध घेते, नंतर हताश होऊन निपचित पडते. त्याच काळात हॅरी हार्लोने माकडांच्या पिल्लांवर केलेल्या प्रयोगांत, दूध देणाऱ्या तारेच्या आईपेक्षा दूध न देणाऱ्या पण मऊ कापडाच्या आईला पिल्ले अधिक वेळ बिलगून राहतात, असे दिसले. (त्या प्रयोगांतली क्रूरता आज कोणतीही नैतिक समिती मान्य करणार नाही, आणि ते योग्यच आहे.) म्हणजे सस्तन प्राण्यांतला हा बंध केवळ अन्नासाठी नसतो, जवळ राहण्याचीच एक स्वतंत्र ओढ असते आणि ताटातूट झाली की तीच ओढ वेदनेच्या रूपाने जाणवते.

जॉन आर्चर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये मांडलेला विचार असा, की शोक हे स्वतः एखादे अनुकूलन (उपयोगी ठरल्याने नैसर्गिक निवडीतून घडलेले वैशिष्ट्य) नसून या बंधाचा अटळ खर्च आहे. समजा, माणूस नजरेआड होताच ओढ नाहीशी होणारी यंत्रणा असती, तर शोकाचा त्रास वाचला असता. पण मग चुकलेल्या मुलाचा शोध घेणारी आई आणि दूर गेलेल्या जोडीदाराची वाट पाहणारा जोडीदारही उरला नसता. गेलेली व्यक्ती परत येणार नाही हे आपल्याला बुद्धीने कळते, पण ज्या यंत्रणेतून ओढ निर्माण होते तिला हे कळण्याची सोय नाही. शोकात असलेल्या माणसाला पावलांचा आवाज ऐकू आल्याचा भास का होतो, गर्दीत तोच चेहरा का दिसतो, याचा यातून उलगडा होतो. ती शोध घेणारी वृत्तीच असते.

ही केवळ पटणारी कथा आहे का? मला तसे वाटत नाही, कारण यातून एक अपेक्षा निघते आणि ती तपासून पाहता येते. ज्या प्रजातींत व्यक्ती-व्यक्तींमध्ये दीर्घ आणि निवडक बंध असतात, त्यांतच शोकासारखे वर्तन दिसायला हवे. अंडी वाळूत पुरून निघून जाणाऱ्या कासवांत ते दिसत नाही. २०१८ मध्ये उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ एका ऑर्का (किलर व्हेल) मादीने आपले मृत पिल्लू १७ दिवस पाण्यावर उचलून धरत प्रवास केला. चिंपांझी माता मृत पिल्लू आठवडेच्या आठवडे वागवतात, अशाही नोंदी आहेत. त्या प्राण्यांना नेमके काय वाटत असेल ते त्यांना विचारता येत नाही, पण बंध असेल तेथेच हे वर्तन आढळते, ही वस्तुस्थिती महत्त्वाची आहे.

त्यागाच्या बाबतीत जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टनचे १९६४ मधील काम पायाभूत आहे. आपली काही जनुके नातेवाइकांतही असतात. त्यामुळे नात्याची जवळीक गुणिले त्यांना होणारा लाभ ही संख्या आपल्याला पडणाऱ्या किमतीपेक्षा मोठी असेल, तर मदत करण्याची वृत्ती पिढ्यान्‌पिढ्या वाढू शकते. पॉल शर्मन यांनी कॅलिफोर्नियातील जमिनीत बिळे करून राहणाऱ्या खारींचा अभ्यास करून १९७७ मध्ये दाखवले, की शिकारी प्राणी दिसल्यावर ओरडून स्वतःवर संकट ओढवून घेणाऱ्या खारी बहुतांशी अशा माद्या असतात, ज्यांचे आप्त आसपास राहतात.

परंतु नाते ओळखायचे कसे? जनुके डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे निवडीतून ठोकळ नियम घडतात, उदाहरणार्थ "लहानपणी ज्यांच्याबरोबर वाढलो ते आपले". एडवर्ड वेस्टरमार्क याने १८९१ मध्येच असे सुचवले होते, की बालपणी एकत्र वाढलेल्यांमध्ये पुढे लैंगिक आकर्षण निर्माण होत नाही. इस्राएलमधील किबुत्झ या सामूहिक जीवनाच्या वसाहतींत एकाच गटात वाढलेल्या, पण रक्ताचे नाते नसलेल्या मुलामुलींनी पुढे परस्परांशी विवाह केल्याची उदाहरणे अत्यंत विरळ आढळली. तैवानमध्ये भावी सुनेला लहानपणीच सासरी आणून मुलाबरोबर वाढवण्याची जी प्रथा होती, तिचा आर्थर वुल्फ यांनी अभ्यास केला, तेव्हा अशा विवाहांत घटस्फोट अधिक आणि अपत्ये कमी असल्याचे दिसले. नियम नात्यासाठी घडला, पण तो सहवासावर चालतो. दत्तक मुलाविषयीच्या मायेचे उत्तरही मला याच दिशेने दिसते: जवळ घेणे, भरवणे, रात्री उठून पाहणे यांतून बंध जागा होतो आणि त्याला वंशावळ तपासता येत नाही.

विवेचक

वरील प्रतिसाद उत्तम आहे आणि शोकाविषयीची मांडणी मलाही पटते. तरीही मूळ प्रश्नातला शेवटचा भाग, म्हणजे पुराव्याची कसोटी, त्यात पुरेसा आलेला नाही असे वाटते. माझा भर त्यावर आहे.

स्टीफन जे गूल्ड आणि रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७९ मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात असे म्हटले होते, की जीवशास्त्रज्ञ प्रत्येक वैशिष्ट्याला उपयोग चिकटवतात आणि एक कथा फसली की तिच्या जागी दुसरी आणतात. एखादे वैशिष्ट्य रचनेचा केवळ आनुषंगिक परिणाम असू शकते, ही शक्यता ते विचारातच घेत नाहीत. ही टीका आजही लागू आहे. मात्र तिचा उपयोग उलट्या दिशेनेही होऊ शकतो, हे नोंदवले पाहिजे. भावना उपयोगी दिसली तर ते अनुकूलन आणि निरुपयोगी दिसली तर तो आनुषंगिक परिणाम, असे म्हणण्याची मुभा घेतली तर कोणताही पुरावा कधीच विरोधात जाणार नाही. शोकाबाबत आर्चर यांचा विचार मी स्वीकारतो, तो बंध आणि शोक यांच्यातला संबंध इतर मार्गांनी तपासता येतो म्हणून.

याच विषयावर तुलनेने दुबळा पुरावा कसा असतो, तेही पाहण्यासारखे आहे. कॅनडात १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना विचारण्यात आले, की वेगवेगळ्या वयांच्या मुलांपैकी कोणाच्या मृत्यूने पालकांना अधिक दुःख होईल. मिळालेली उत्तरे मुलांच्या भावी प्रजननक्षमतेच्या आलेखाशी चांगलीच जुळली, आणि आधुनिक समाजापेक्षा शिकार व अन्नसंकलनावर जगणाऱ्या समाजाच्या आलेखाशी अधिक जुळली. निष्कर्ष आकर्षक आहे. परंतु ज्यांना विचारले ते शोकग्रस्त पालक नव्हते. इतरांना किती दुःख होईल याचा त्यांनी केवळ अंदाज बांधला होता. त्या अंदाजात वयात येणाऱ्या मुलाशी जोडलेल्या आशाअपेक्षा, इतकी वर्षे झालेला सहवास, समाजाने शिकवलेली शोकाची रीत, हे सगळेच मिसळलेले असणार.

मत्सराचे उदाहरण अधिक वादग्रस्त आहे. डेव्हिड बस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडले, की जोडीदाराच्या शारीरिक बेइमानीने पुरुष अधिक अस्वस्थ होतात आणि भावनिक बेइमानीने स्त्रिया अधिक अस्वस्थ होतात, कारण पितृत्वाची अनिश्चितता फक्त पुरुषाला असते. दोहोंपैकी एकच पर्याय निवडा असे सांगितले, की हा फरक बऱ्याच देशांत दिसतो. पण प्रत्येक प्रसंगाने किती त्रास होईल हे वेगवेगळे मोजले, किंवा उत्तर देताना मनावर दुसऱ्या कामाचा भार ठेवला, तर तो पुष्कळ कमी होतो किंवा दिसेनासा होतो, असे टीकाकारांनी दाखवून दिले. म्हणजे प्रश्न विचारण्याच्या पद्धतीवर उत्तर एवढे अवलंबून असेल, तर त्यावर लक्षावधी वर्षांचा इतिहास उभा करताना हात आखडता घ्यायला हवा.

मार्टिन डेली आणि मार्गो विल्सन यांनी कॅनडातील नोंदींवरून सावत्र पालकांकडून लहान मुलांना होणाऱ्या गंभीर इजेचा धोका कितीतरी अधिक असल्याचे दाखवले. हॅमिल्टनच्या विचाराशी हे सुसंगत आहे. पण २००० साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील बालहत्यांच्या अभ्यासात तसा फरक आढळला नाही. त्या अभ्यासावरही पुढे वाद झाला. हा वाद कसाही सुटो, सावत्र पालकांपैकी फार मोठी संख्या मुलांना कोणतीही इजा करत नाही, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे आणि तेही समजून घेण्याची गरज आहे. धोक्याच्या आकड्याला जेवढी प्रसिद्धी मिळाली तेवढी या वस्तुस्थितीला मिळाली नाही, याचा मला खेद वाटतो.

यंत्रणेच्या पातळीवरही घाई नको. प्रेअरी व्होल नावाचे उंदरासारखे छोटे प्राणी जोडीने राहतात. त्यांच्या मेंदूतील ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकांच्या ग्राहींची (त्यांना पकडून प्रतिसाद देणाऱ्या पेशीवरील रेणूंची) रचना जोडीने न राहणाऱ्या भाऊबंद प्रजातींपेक्षा वेगळी असते, आणि त्यामुळे ऑक्सिटोसिन हे प्रेमाचे रसायन म्हणून लोकप्रिय झाले. २०२३ मध्ये संशोधकांनी ऑक्सिटोसिनची ग्राहीच नसलेले प्रेअरी व्होल जनुकबदलाने तयार केले, आणि त्यांनीही जोड्या जमवल्या. ऑक्सिटोसिनचा संबंधच नाही, असा याचा अर्थ नाही. पण एका उंदरासारख्या प्राण्याच्या जोडीचेही स्पष्टीकरण एका रसायनात मावत नाही, हे यातून कळते.

संस्कृतीचा वाटा किती मोठा असू शकतो, हे मला अल्टिमेटम गेमच्या अभ्यासातून सर्वांत स्पष्ट दिसते. या प्रयोगात एका व्यक्तीला काही रक्कम दिली जाते आणि तिने त्यातला काही भाग दुसऱ्या अनोळखी व्यक्तीला देऊ करायचा असतो. दुसऱ्याने वाटा नाकारला तर दोघांनाही काही मिळत नाही. औद्योगिक समाजांतील लोक बहुधा चाळीस ते पन्नास टक्के देऊ करतात आणि फार कमी वाटा मिळाला तर रागाने नाकारतात. ही न्यायबुद्धी सर्व मानवांत सारखीच असेल, असा समज होता. जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी पंधरा छोट्या समाजांत हाच प्रयोग केला, तेव्हा पेरूमधील माचिगेंगा लोकांनी सरासरी सुमारे २६ टक्के देऊ केले आणि ते जवळजवळ कोणीच नाकारले नाहीत. इंडोनेशियातील लामालेरा या देवमाशांची शिकार करणाऱ्या गावात सरासरी निम्म्याहून अधिक होती. तर पापुआ न्यू गिनीतील काही समाजांत निम्म्याहून मोठा वाटाही नाकारला गेला, कारण तेथे मोठी भेट स्वीकारणे म्हणजे तेवढेच मोठे ऋण अंगावर घेणे असते. वाटणीत न्याय झाला की अन्याय, याची जाणीव कदाचित सर्वत्र असेल. पण अन्याय कशाला म्हणायचे हे ज्या समाजात माणूस वाढला तो समाज ठरवतो, आणि प्रत्यक्ष वर्तनाचा अंदाज बांधायचा असेल तर हा दुसरा भागच अधिक उपयोगी पडतो.

म्हणून माझे उत्तर असे: भावनेची क्षमता कोठून आली, याविषयी उत्क्रांती बरेच काही सांगू शकते. एका व्यक्तीने एका प्रसंगी काय केले आणि का केले, याविषयी ती फार थोडे सांगते. जो लेखक पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर उडी मारतो, त्याच्याकडे अधिक पुरावा मागावा.

जिज्ञासू

दोघांचेही मनःपूर्वक आभार. शोकाविषयीचा माझा मूळ आक्षेप आता उरलेला नाही. यंत्रणेच्या एकूण जमाखर्चाचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता.

दोन गोष्टी मात्र सुटलेल्या नाहीत. पहिली म्हणजे कोणालाही माहीत नसलेल्या कृत्याबद्दलचा अपराधभाव. दुसरी गोष्ट मला अधिक बोचते. दत्तक मुलावरची माया जर सहवासावर चालणाऱ्या ठोकळ नियमातून येत असेल, तर ती त्या नियमाची चूक ठरते. निसर्गाने एका हेतूने बसवलेली कळ भलत्याच ठिकाणी दाबली गेली, एवढाच त्या नात्याचा अर्थ उरतो. माझ्या जवळच्या कुटुंबात असे एक नाते आहे, आणि त्याचे हे वर्णन मला केवळ कठोरच नाही, तर अपुरेही वाटते.

मनोमन

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून अपराधभावाविषयी लिहितो.

रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ मध्ये परस्पर परोपकाराची कल्पना मांडली, तेव्हा त्यांनी कृतज्ञता, सहानुभूती, फसवणाऱ्याविषयीचा संताप आणि अपराधभाव या सर्वांना एका सूत्रात ओवले. आज मी मदत केली आणि उद्या समोरच्याने केली, तर दोघांचाही लाभ होतो. रक्तावर जगणारी वटवाघळे दोन-तीन रात्री उपाशी राहिली तर मरतात. अशा वेळी पोट भरलेले वटवाघूळ उपाशी सोबत्याला आपल्या पोटातले रक्त पाजते आणि पूर्वी ज्यांनी आपल्याला पाजले त्यांना झुकते माप देते, असे जेराल्ड विल्किन्सन यांनी १९८४ मध्ये दाखवले. अशा व्यवहारात फसवणुकीचा मोह सतत असतो. नाते तुटण्याआधीच माणसाला चूक दुरुस्त करायला भाग पाडणे, हे ट्रिव्हर्स यांच्या मते अपराधभावाचे काम आहे.

मग कोणीही पाहत नसताना तो का जाणवावा? रॉबर्ट फ्रँक या अर्थशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये दिलेले उत्तर मला विचार करण्यासारखे वाटते. जो माणूस प्रत्येक वेळी "पकडला जाण्याची शक्यता किती" हा हिशेब करून प्रामाणिक राहतो, त्याच्यावर इतरांनी खरा विश्वास टाकण्याचे कारण नाही. ज्याला बेइमानी मुळात सहनच होत नाही, त्याच्याशी भागीदारी करणे सुरक्षित असते, आणि दीर्घ सहवासात हा फरक लोकांना ओळखता येतो. म्हणजे हिशेब न करणारी भावना असणे हेच दीर्घकाळात लाभाचे ठरू शकते, मग ती एखाद्या प्रसंगी कितीही महाग पडो. हे गृहीतक आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. पण ओळखता येण्याचा भाग प्रयोगाने तपासता येतो.

दुसरे कारण साधे आहे. रँडॉल्फ नेसी या मनोविकारतज्ज्ञाने धूर ओळखणाऱ्या गजराचे उदाहरण दिले आहे: असा गजर अनेकदा विनाकारण वाजला तर थोडा त्रास होतो, पण खऱ्या आगीच्या वेळी एकदा जरी वाजला नाही तर घर जळते, म्हणून तो संवेदनशील ठेवणेच शहाणपणाचे असते. केलेले कृत्य कधीच उघड होणार नाही, असा अंदाज चुकण्याची किंमत एकेकाळी, लहान गटांतून बहिष्कृत होण्याच्या रूपाने, फार मोठी असणार. त्यामुळे गरजेपेक्षा जास्त वाजणारा अपराधभाव यंत्रणेतील बिघाडाचे लक्षण असेलच असे नाही.

परंतु विवेचक यांनी शेवटी लिहिलेले वाक्य माझ्या अनुभवाशी पूर्ण जुळते. ज्या अपघातातून आपण वाचलो आणि दुसरा गेला, त्याबद्दल स्वतःला अपराधी मानणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांनी कोणाला फसवलेले नसते, त्यामुळे परस्पर परोपकाराचा हिशेब येथे सरळपणे लागू पडत नाही. अशा माणसाला समजून घ्यायचे असेल, तर गेलेली व्यक्ती त्याची कोण होती, त्या दिवशी दोघांत काय बोलणे झाले, लहानपणापासून त्याच्यावर कोणती जबाबदारी टाकली गेली होती, हे ऐकावे लागते. त्याच्या वेदनेची उत्क्रांती सांगून त्याला आराम पडत नाही. फक्त एका बाबतीत तिचा उपयोग होतो: इतके तीव्र वाटणे म्हणजे आपण वेडे झालो आहोत, ही भीती कमी होते.

शिकणे आणि जन्मजात असणे यांना परस्परविरोधी मानण्याच्या सवयीविषयीही एक गोष्ट सांगावीशी वाटते. सुसान मिनेका आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात प्रयोगशाळेत वाढलेल्या ऱ्हीसस माकडांवर प्रयोग केले. ही माकडे सापाला उपजत घाबरत नव्हती. दुसरे माकड सापाला घाबरते आहे असे चित्रफितीत पाहिल्यावर मात्र तीही घाबरू लागली. चित्रफितीत फेरफार करून तेच माकड फुलांना घाबरते आहे असे दाखवले, तेव्हा त्यांनी फुलांची भीती घेतली नाही. भीती शिकलेलीच होती, परंतु काय चटकन शिकायचे याचा कल आधीपासून होता. माणसाच्या बऱ्याच भावनांचे असेच असावे, असे मला वाटते.

रानवाटा

दत्तक मुलाविषयीचा आपला आक्षेप महत्त्वाचा आहे आणि त्याला दोन वेगळी उत्तरे आहेत.

पहिले उत्तर जीवशास्त्राचे. त्या मायेला नियमाची चूक म्हणणे हे जीवशास्त्राच्या दृष्टीनेही घाईचे आहे. मानवी मूल इतर वानरकुलीनांच्या तुलनेत फार दीर्घकाळ परावलंबी राहते आणि आई त्याला एकटीने वाढवू शकत नाही. सारा ब्लाफर हर्डी यांनी असे मांडले आहे, की आपल्या पूर्वजांत मुले वाढवण्याचे काम आजी, मावश्या, मोठी भावंडे आणि नात्यात नसलेलेही अनेक जण वाटून घेत असत, आणि दुसऱ्याचे मन जाणण्याची माणसाची असाधारण क्षमता याच व्यवस्थेत घडली असावी. हे खरे असेल, तर परक्या मुलाला जवळ घेण्याची वृत्ती ही मातृत्वाच्या यंत्रणेतली गफलत नसून आपल्या प्रजातीच्या मूळ जीवनपद्धतीचाच भाग ठरते. इराकमधील शानिदार गुहेत सापडलेल्या एका निअँडरथल (आता नामशेष झालेल्या मानवजातीच्या) पुरुषाचा उजवा हात वाळलेला होता आणि डोक्याला जुनी, भरून आलेली गंभीर दुखापत होती. तरीही तो त्या काळाच्या मानाने दीर्घ वयापर्यंत जगला. इतरांनी त्याला सांभाळले असणार, असा अनेक संशोधकांचा निष्कर्ष आहे.

दुसरे उत्तर जीवशास्त्राच्या बाहेरचे आहे. एखादी क्षमता कशासाठी घडली, यावरून आज तिचा कोणता वापर खरा आणि कोणता चुकीचा हे ठरत नाही. लिपीला जेमतेम पाच हजार वर्षे झाली. एवढ्या काळात वाचनासाठी मेंदूचा खास भाग उत्क्रांत होणे शक्य नाही. स्टॅनिस्लास दहान यांच्या संशोधनानुसार आपण वाचतो ते वस्तू आणि चेहरे ओळखण्याच्या यंत्रणेतला काही भाग त्या कामाला जुंपून. म्हणून वाचन ही दृष्टीची चूक आहे, असे आपण म्हणत नाही. वॉलेसला पडलेल्या पेचाचेही बरेचसे उत्तर यातच आहे, असे मला वाटते: गणित किंवा संगीत यांची प्रत्यक्ष निवड झालेली असण्याची गरज नाही, ज्या क्षमतांची निवड झाली, त्या एकत्र आल्यावर कोठपर्यंत जातील याला निवडीने मर्यादा घातलेली नव्हती. आणि "आहे" यावरून "असावे" हे निघत नाही, हे डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकातच दाखवून दिले आहे. आपल्या कुटुंबातील त्या नात्याचे मोल ठरवण्याचा अधिकार हॅमिल्टनच्या सूत्राला नाही, आणि स्वतः हॅमिल्टननेही तसा दावा केला नसता.

राहिला बुडणाऱ्या अनोळखी माणसासाठी पाण्यात उडी घेणारा. याविषयी एक छोटासा पण चांगला अभ्यास आहे. अमेरिकेतील कार्नेगी हीरो फंड १९०४ पासून, इतरांचे प्राण वाचवण्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालणाऱ्यांना पदक देतो. डेव्हिड रँड आणि झिव्ह एपस्टाइन यांनी २०१४ मध्ये अशा पदकविजेत्यांपैकी सुमारे पन्नास जणांची प्रसिद्ध झालेली निवेदने तपासली, तेव्हा बहुतेकांनी विचार करून निर्णय घेतला नव्हता, तर कृती आधी झाली होती, असे त्यांच्या शब्दांतून दिसले. मात्र ही तत्काळ कृती जन्मजात प्रेरणेतून आली, की रोजच्या आयुष्यात एकमेकांना मदत करण्याची सवय इतकी अंगवळणी पडली होती की संकटाच्या क्षणी तीच पुढे आली, हे त्या निवेदनांवरून ठरवता येत नाही. स्वतः रँड यांचा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे. मलाही ती अधिक संभाव्य वाटते, पण दोहोंचा निवाडा करायचा असेल तर वेगवेगळ्या समाजांत वाढलेल्या माणसांची अशा प्रसंगांतील वागणूक तपासावी लागेल. असे प्रसंग प्रयोगशाळेत घडवून आणता येत नसल्यामुळे ते काम अत्यंत अवघड आहे.